मासा, मीठ आणि ठाकुमाचं पान

बंगाली लग्नाच्या जेवणाचा इतिहास सांगणारे लोक एक जुना पुरावा हमखास काढतात, आणि गंमत म्हणजे तो पुरावा आमच्या अमरावती जिल्ह्यात घडतो. बाराव्या शतकात श्रीहर्ष नावाच्या कवीनं ‘नैषधीयचरित’ हे संस्कृत महाकाव्य लिहिलं. गोष्ट नळ-दमयंतीची. (शाळेत रघुनाथ पंडितांचा हंस ज्यांनी पाठ केलाय त्यांना ती वेगळी सांगायला नको.) दमयंती विदर्भाची राजकन्या, म्हणून लग्न तिच्या माहेरी, कुंडिनपुरात. वर्धा नदीकाठचं आजचं कौंडण्यपूर म्हणजेच ते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. काव्याच्या सोळाव्या सर्गात नळाचं वऱ्हाड वऱ्हाडात जेवायला बसतं. वाफाळता भात, शितं अख्खी आणि सुटी सुटी, वर तूप. मासे. हरणाचं, बकऱ्याचं, पक्ष्यांचं मांस. दही आणि मोहरीचं एक पांढरंशुभ्र पण इतकं झणझणीत प्रकरण, की खाणारे डोकं झटकतायत आणि टाळूवर हात मारतायत. शिवाय आचाऱ्यांची मस्करी अशी, की काही पदार्थ दिसायला मांसाचे पण प्रत्यक्षात शाकाहारी, आणि काहींचं नेमकं उलट.

१९४९ साली नीहाररंजन राय यांचा ‘बांगालीर इतिहास’ हा ग्रंथ आला. प्राचीन बंगाली माणसाच्या खाण्याबद्दल लिहिताना त्यांनी ही पंगत समोर ठेवली. गाव विदर्भातलं असलं तरी ताट बंगालचं आहे, असा त्यांचा एकूण सूर. श्रीहर्ष कनौजच्या गाहडवाल राजांच्या दरबारातला कवी. तो मुळात बंगालचा होता का, यावर पंडितांमध्ये वाद आहे. पण ती मोहरी वाचली की मलाही राय यांच्या बाजूनं बोलावंसं वाटतं. आमच्याकडे मोहरी फोडणीत तडतडली की तिचं काम संपतं. तिला वाटून, नाकातून धूर काढेपर्यंत तिखट करून वऱ्हाडी मंडळींना वाढणं, हे काही आमच्या आज्यांना सुचलं नसतं.

हे सगळं मी वाचत बसलोय, कारण येत्या अग्रहायण महिन्यात (आपला साधारण कार्तिक-मार्गशीर्ष) चंदननगरला माझं लग्न आहे. मुलगी तिथली, माझ्याच कंपनीतली. मेनू ठरवण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण मला एक्सेल येतं, एवढीच माझी पात्रता. तिच्या वडिलांना मी ‘काकू’ म्हणतो. बंगालीत काकू म्हणजे काका. फोनवर ‘हो काकू, पाठवतो काकू’ असं मी म्हणायला लागलो की माझी आई दर वेळी विचारते, ‘काकूंना द्या ना जरा फोन.’

केटररनं पाठवलेला तक्ता वाचायला घेतला तेव्हा लक्षात आलं, की हा लेगसी कोड आहे. प्रत्येक ओळ कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी कारणानं टाकलेली. सुरुवातीला भेटकीचा फिश फ्राय आणि सोबत कासुंदी, म्हणजे तीच वाटलेली मोहरी. मग राधावल्लभी (उडदाचं सारण भरलेली पुरी) आणि नारळाचे तुकडे घातलेली चण्याची डाळ. बासंती पुलाव. दह्यातला कातला मासा. कषा मांगशो, म्हणजे तासभर परतून परतून काळपट केलेलं मटण. नाहीतर बिर्याणी, पण त्यात बटाटा हवाच. मग कच्च्या पपईची पारदर्शक चटणी, जिला अख्खं बंगाल प्रेमानं ‘प्लास्टिक चटणी’ म्हणतं, आणि पापड. मिष्टी दोई, रसगुल्ला, संदेश, विडा. क्रम बदलायचा नाही. चटणी आधी मागितली तर वाढपी तुमच्याकडे तुम्ही सूटवर हवाई चप्पल घातल्यासारखं बघतो.

गंमत अशी, की यातलं पुष्कळसं दमयंतीच्या पंगतीत असणं शक्यच नव्हतं. बटाटा, मिरची, पपई अमेरिकेतून यायची होती. राय यांनी तर असंही टिपलंय, की प्राचीन बंगालच्या खाण्याच्या वर्णनांत डाळसुद्धा दिसत नाही. रसगुल्ला कोलकात्याच्या बागबाजारात नवीनचंद्र दास यांच्या नावावर १८६८ सालापासून सांगितला जातो. टिकून राहिला तो भात, मोहरी आणि मासा.

तर तक्ता. त्यात शेवटी दोन रकाने होते: ‘आमिष’ आणि ‘निरामिष’. माझ्या बाजूला निरामिष बासष्ट, कारण आमचं निम्मं घर माळकरी. तिच्या बाजूला निरामिष एक. तो एक आकडा म्हणजे तिची ठाकुमा, बाबांची आई. मूळची बारिशालची, आज बांगलादेशात असलेल्या. नदीकाठी वाढलेली, मासा कुठल्या पाण्यातला हे वासावरून सांगणारी बाई. नवरा गेला त्याला बेचाळीस वर्षं झाली. तेव्हापासून मासा नाही.

बंगाली लग्नात मासा हा नुसता पदार्थ नसतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. हळदीच्या दिवशी मुलाकडून मुलीकडे ‘तत्त्व’ जातं, म्हणजे साड्या, मिठाई, शृंगाराचं सामान सजवलेली ताटं. त्यात एक मोठा रोहू असतो आणि त्याला नवरीसारखी साडी नेसवतात, नाकात नथ घालतात. (माळकरी घरातून हा रोहू कसा पाठवायचा, यावर आमच्याकडे दोन बैठका झाल्या. शेवटी तो चंदननगरच्याच बाजारात घ्यायचा आणि आईनं फोटो बघायचा नाही, असं ठरलं.) मासा म्हणजे सौभाग्य. एकादशीला विधवेनं पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, आणि अनेक घरांत सवाष्णीनं नेमका त्याच दिवशी मासा खायचा, असा रिवाज होता. नवरा गेला की बांगडी, कुंकू आणि मासा एकाच दिवशी जायचा. मांस, कांदा, लसूण, मसूर डाळ हेही जायचं. भात दिवसातून एकदाच, तोही स्वतःच्या वेगळ्या चुलीवर शिजवलेला. उच्चवर्णीय घरांतला हा नियम. आणि कुलीन घरांत एकेका म्हाताऱ्याच्या डझनावारी बायका असल्यानं, एक माणूस मेला की कित्येक ताटांतला मासा एकदम नाहीसा व्हायचा. यांत अशा मुलीही असत, ज्यांना धड कळायच्या आत लग्न आणि वैधव्य दोन्ही येऊन गेलेलं असे.

या कुलीन पद्धतीवर रामनारायण तर्करत्नांनी १८५४ साली ‘कुलीनकुलसर्वस्व’ हे नाटक लिहिलं. त्यात जेवणावळींची चक्क प्रतवारी आहे: उत्तम, मध्यम, अधम. गरमागरम तुपातल्या पुऱ्या आणि मिठाई म्हणजे उत्तम, पोहे-दही मध्यम, आणि त्याखाली जे काही उरेल ते. नाटक बायकांच्या दुःखाचं, आणि त्यात भटजींचं सगळं लक्ष पुरीवर. मला ही विनोदाची जागा वाटली नाही, फार अचूक निरीक्षण वाटलं. लग्न कसंही असो, जेवण उत्तम झालं की समाज ढेकर देऊन घरी जातो.

आता १८५६. या एका वर्षात कोलकात्यात दोन गोष्टी आल्या. मे महिन्यात अवधचं राज्य गेलेला नवाब वाजिद अली शाह आला आणि मटियाबुर्जला राहिला. त्याच्या आचाऱ्यांबरोबर ती बिर्याणी आली जी आज दर दुसऱ्या बंगाली लग्नात असते. त्यात बटाटा का पडला याच्या गोष्टी पुष्कळ आहेत. नवाब कंगाल झाला म्हणून मांसाऐवजी बटाटा, ही सगळ्यात लोकप्रिय आणि मला सगळ्यात कमी पटणारी. तेव्हा बटाटा ही काही फार स्वस्त, सामान्य भाजी नव्हती, आणि नवाबाला कंपनी सरकारची घसघशीत पेन्शन होती.

दुसरी गोष्ट जुलैत आली. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या खटपटीनंतर विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा झाला. ७ डिसेंबर १८५६ रोजी कोलकात्याच्या सुकिया स्ट्रीटवर श्रीशचंद्र विद्यारत्न आणि कालीमती देवी यांचं लग्न लागलं. बघ्यांची एवढी गर्दी, की बंदोबस्ताला पोलीस होते. अशा लग्नाला नुसतं हजर राहणं वेगळं आणि तिथं पान मांडून जेवणं वेगळं. जेवलात की तुम्ही त्या घराशी पंक्तिव्यवहार मान्य केलात, आणि मग तुमच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नाला भटजी येईल की नाही, हा प्रश्न. आपल्याकडे याच भांडणाला ग्रामण्य म्हणत. विष्णुशास्त्री पंडितांनी विद्यासागरांचं विधवाविवाहावरचं पुस्तक मराठीत आणलं, तेव्हा इथंही वाद असाच शास्त्रार्थातून पंगतीपर्यंत पोचला. विद्यासागर तर अशा लग्नांचा खर्च स्वतः करता करता कर्जबाजारी झाले. १८७० साली त्यांच्या मुलानं विधवेशी लग्न केलं.

कायद्यानं दुसऱ्या लग्नाची परवानगी दिली. पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क मात्र लग्न केलं की जायचा. लग्न करणाऱ्या थोड्याच निघाल्या. उरलेल्या लाखो बायकांच्या ताटाबद्दल कायदा काही बोलला नव्हता, बोलण्याचं कारणही नव्हतं. त्या आपापल्या वेगळ्या चुलीपाशी बसून राहिल्या आणि तिथं त्यांनी जे केलं, त्याला आज आपण बंगाली शाकाहार म्हणतो.

इथं मी जरा रेंगाळणार आहे. केळफूल, केळीच्या खांबाचा गाभा, भोपळ्याची सालं, पालेभाज्यांचे देठ, डाळीचे सांडगे, म्हणजे मासा शिजवणाऱ्या स्वयंपाकघरात ज्याला दुय्यम जागा होती, ते सगळं या चुलीवर मुख्य झालं. कांदा-लसूण बंद, तर हिंग, आलं, जिरं आणि थोडी साखर. कच्च्या फणसाला नाव पडलं ‘गाछ पाँठा’, झाडावरचा बोकड. चणाडाळ भिजवून वाटायची, हिंग-आलं घालून घोटायची, थापून शंकरपाळ्यासारख्या वड्या पाडायच्या, तळायच्या आणि रश्शात सोडायच्या. दिसायला मांसाचे तुकडे. नाव: ‘धोकार डालना’. धोका म्हणजे तोच, आपला धोका. आठशे वर्षांपूर्वी दमयंतीच्या लग्नात आचाऱ्यांनी पाहुण्यांची गंमत करायला जे केलं, ते इथं कुणीतरी स्वतःच्या जिभेला फसवायला केलं. मी आईला व्हिडिओ कॉलवर धोका दाखवला. ती म्हणाली, ‘अरे, ही तर पाटवडी!’ आणि खरंच, विदर्भातला पाटवडी रस्सा समोर ठेवा, नातं लपत नाही. आमच्या पाटवडीत मात्र तिखट आणि कांदा-लसूण सढळ हातानं, कारण ती खाण्याची कुणाला बंदी नव्हती.

कल्याणी दत्त यांनी ‘पिंजरे बसिया’मध्ये अशा बायकांच्या हकिकती गोळा केल्यात. त्या वाचल्यावर ‘ग्रँडमाज रेसिपी’ नावाच्या रील्स मला पूर्वीसारख्या बघता येत नाहीत. या स्वयंपाकाचं कौतुक करताना एक अडचण आहेच. तो इतका चांगला का झाला, याचं कारण चांगलं नाही.

याच काळात, ठाकूर घराण्यात, रवींद्रनाथांची पुतणी प्रज्ञासुंदरी देवी स्वयंपाकाबद्दल गंभीरपणे लिहीत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिचा ‘आमिष ओ निरामिष आहार’ हा ग्रंथ निघाला. तिचं लग्न असमिया साहित्यिक लक्ष्मीनाथ बेझबरुआंशी झालेलं, त्यामुळे दोन प्रांतांच्या लग्नातली ताटं तिला अनुभवानं ठाऊक. जेवणावळीत पाहुण्यांना पुढे काय येणार हे आधी कळावं म्हणून तिनं मेनूकार्ड सुरू केलं आणि त्याला शब्द काढला ‘क्रमणी’. पदार्थांना नावं द्यायची तिला हौस: राममोहनांच्या नावाचा पुलाव, आजोबांच्या बापाच्या, द्वारकानाथांच्या नावाची फिरनी आणि रवींद्रनाथांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला फ्लॉवरची बर्फी. एक खीर तिनं लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलीच्या, सुरभीच्या नावानं केली. माझ्या एक्सेलला ‘मेनू फायनल फायनल ३’ असं नाव होतं. ते बदलून मी ‘क्रमणी’ केलंय.

मिठाची गोष्ट राहिली. विवेकानंदांचे धाकटे भाऊ महेंद्रनाथ दत्त यांनी जुन्या कोलकात्याच्या आठवणी लिहिल्यात. त्यात जेवणावळीला केळीच्या पानावर मोठाल्या पुऱ्या आणि सोबत भोपळ्याची भाजी, तीही अळणी. मीठ पानाच्या कोपऱ्यात वेगळं. कारण जातीचं: दुसऱ्याच्या घरी मीठ घालून शिजलेलं खाल्लं की विटाळ, तुपात तळलेलं चालतं. बंगाली पानाच्या कोपऱ्यात आज मीठ आणि लिंबाची फोड येते, तेव्हा कुणाच्या मनात हे नसतं, आणि नसावंच. आपल्याकडेही पानात मीठ आधी वाढतात. आपण ते का वाढतो, हे आजोबांना विचारून बघा.

आणि लग्नानंतर मुलाकडे ‘बौभात’ होतो, त्याचं जुनं नाव ‘पाकस्पर्श’. नवी सून सासरच्या मंडळींना भात वाढते आणि ते तो खातात. आज तो रिसेप्शनचा दुसरा शब्द झालाय. पण मूळ अर्थ सरळ आहे: हिच्या हातचा भात आम्ही खाल्ला, म्हणजे ही आमची झाली. आमचा बौभात अमरावतीला, मंगल कार्यालयात. आत्या म्हणाली, भात कशाला, वरण-पोळी वाढू दे. त्यावर चर्चा चालू आहे.

विसाव्या शतकातला एक टप्पा मात्र भरभर सांगतो. १९४३च्या दुष्काळानं बंगालची लाखो माणसं नेली. त्यानंतर फाळणी, निर्वासित, रेशन. साठच्या दशकात अतिथी नियंत्रणाचे हुकूम होते; किती पानं वाढायची हे सरकार सांगे, आणि ते पाळलं जाईल असं लग्नपत्रिकेवर छापलेलं असे. १९६५ साली प्रफुल्लचंद्र सेन यांच्या सरकारनं तर छेन्याच्या मिठाईवरच बंदी आणली, दूध मुलांना आणि आजाऱ्यांना मिळावं म्हणून. हेतू वाईट नव्हता. पण बंगाली मुलीच्या बापाला संदेशाशिवाय लग्न कर म्हणणं म्हणजे पुढच्या निवडणुकीचा अर्ज मागे घेण्यासारखंच. १९६७ साली सेन स्वतः आरामबागमधून हरले. कारण एकट्या संदेशाचं नक्कीच नव्हतं. तांदळाची टंचाई, त्यावरची आंदोलनं, गोळीबार हे सगळं होतं. काकू त्या काळाबद्दल एकच सांगतात: त्यांच्या आत्याच्या लग्नात काजूचा संदेश होता आणि तो कुणालाच आवडला नव्हता.

तोवर स्वयंपाक घरीच. अंगणात चर खणून चुली, ओडिशातून आलेले ‘ठाकुर’ म्हणजे ब्राह्मण आचारी, एका कोपऱ्यात हलवायांचं ‘भियेन’ लागलेलं. वाढायला गल्लीतली पोरं, कमरेला गमछा बांधून. कुणाच्या पानात मासा संपलाय हे लांबून हेरण्यात त्यांची पत पणाला. काकू सांगतात, ते स्वतः ‘माशाच्या बादली’वर होते, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा आमच्या टीम लीडला प्रमोशन मिळालं तेव्हा झाला होता तसा होतो. ऐंशीच्या दशकापर्यंत ते केटररकडे गेलं. आता ‘पर प्लेट’ दर आहे. आपण नेमकं काय गमावलं वगैरे गळा मला काढायचा नाही. त्या चुलींच्या धुरात रात्रभर भाज्या चिरत बसलेल्या बायका कोण असायच्या, हेही बघायला हवं. अनेकदा ठाकुमासारख्याच. मंगल कार्यात पुढे यायचं नाही, हळदीला हात लावायचा नाही, पण पन्नास किलो भोपळा चिरायला चालायचं.

म्हणून निरामिषच्या रकान्यातला तो ‘एक’ मला सुटेना. केटररला विचारलं, निरामिषमध्ये काय देता? म्हणाला, पनीर बटर मसाला, मिक्स व्हेज, आणि ‘त्या आजींसाठी’ कांद्या-लसणाशिवाय वेगळा डबा करून आतल्या खोलीत पाठवतो. सगळे तसंच करतात.

मुलीचं म्हणणं, ठाकुमानं नातीच्या लग्नात सगळ्यांसमोर मासा खावा, बस झालं. तिच्या बाबांचं म्हणणं, या वयात तिला छळू नका. दोघं आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हती. मी जावई, त्यात अर्धा माळकरी. माझं मत कुणी विचारलं नाही. शेवटी आम्ही दोघं गेलो आणि ठाकुमालाच विचारलं. मोडकंतोडकं बंगाली माझं, उरलेलं नातीनं सांगितलं.

ठाकुमा म्हणाली, मासा नको. बेचाळीस वर्षं झाली, आता वास आला तरी पोटात ढवळतं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी आता मासा खाऊ का? हे तिनं रागानं म्हटलं. नात रडायला लागली. मग ठाकुमानं दोन अटी घातल्या. पहिली, डबा नको, आतली खोली नको. पहिल्या पंगतीला, नातीच्या सासूशेजारी खुर्ची. दुसरी, पनीर नको. पनीर हे काय खाणं आहे?

तक्ता आता असा आहे. शुक्तो, केळफुलाचं घंट आणि धोकार डालना, तिन्ही सगळ्यांच्या पानात, चारशे वीस. फिश फ्राय, कातला, मटण त्यानंतर, ज्यांना हवं त्यांना. केटरर कुरकुरला, धोक्याला मेहनत फार, माणशी तीस रुपये जास्त पडतील म्हणाला. काकूंनी काही न बोलता ते मान्य केले. इलिशचा हट्ट मात्र त्यांनी सोडला नव्हता. अग्रहायणात ताजा इलिश मिळत नाही, शीतगृहातला येईल, हे तीन जणांनी सांगितल्यावर सोडला.

काल ठाकुमाचा निरोप आला. केटररला विचार, म्हणे, धोक्याची डाळ पाट्यावर वाटणार की मिक्सरमध्ये? मिक्सरमध्ये असेल तर ती स्वतः आदल्या दिवशी येऊन बसणार आहे. मी विचारलंय. अजून उत्तर नाही.